पानातला आंबटपणा

हुबळी-धारवाडच्या बाजारात अंबाडीच्या हिरव्यागार जुड्या विकावयास येतात. कानडीत तिला पुंडी म्हणतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती तेथे आवडीने खाल्ली जाते. परंतु ही भाजी चुलीवर चढताच पाहता पाहता तिचा रंग मळकट शेवाळी होतो. पालक त्या मानाने अधिक वेळ हिरवा राहतो. असे का व्हावे?

अंबाडीच्या पानात आम्ल मुळातच पुष्कळ. जिवंत पेशीत ते रसाच्या एका मोठ्या पिशवीत कोंडलेले असते. अतिशय पातळ असा एक पापुद्रा त्याला हरितकणांपासून दूर ठेवतो. उष्णतेने पापुद्रा फाटला की आम्ल हरितद्रव्याला गाठते, त्याच्या केंद्रस्थानचे मॅग्नेशियम निघून जाते आणि त्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. हिरवेपणा संपतो तो एवढ्यानेच. (चिमूटभर सोड्याने तो टिकविता येतो खरा, पण त्यापायी काही जीवनसत्त्वांचा बळी जातो. हा सौदा शहाणपणाचा नव्हे.)

तेव्हा आम्ल हे हरितकणाचे वैरीच, असे कोणी म्हणेल. पण नवल असे की, हरितकण स्वतःच आपल्या पोटात आम्लता निर्माण करतो. त्याच्या आत पापुद्र्याच्या चपट्या, बंद पिशव्यांच्या चवडी असतात. ऊन पडले की त्या पिशव्यांत हायड्रोजनचे विद्युत्भारित कण साचू लागतात. बाहेरचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, ८ च्या आसपास असतो. आतला ६ च्याही खाली उतरतो. या मापात अंक जितका कमी तितकी आम्लता अधिक, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट! कोंडलेले कण पापुद्र्यातील एका प्रथिनाच्या वाटेने बाहेर धावतात आणि त्या ओघावर एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते. १९६६ साली जॅगेनडॉर्फ व उरिबे यांनी पालकाच्या हरितकणांतील या पिशव्या अंधारातच प्रथम आम्लात भिजविल्या, मग किंचित अल्कधर्मी द्रावणात टाकल्या. प्रकाशाचा किरण नसतानाही एटीपी तयार झाले. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेला त्यामुळे मोठा आधार मिळाला. १९७८ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले.

भर दुपारी, धारवाडच्या पूर्वेकडील काळ्या रानात रब्बी ज्वारी उभी असते, तेव्हा पानावर पडणारा सारा प्रकाश त्याला वापरता येत नाही. तो तसाच साठला तर पापुद्र्यातील नाजूक यंत्रणाच मोडून पडेल. पण पिशव्यांतील वाढती आम्लता हीच तेथे इशारा ठरते. पापुद्र्यातील प्रथिने आपली मांडणी बदलतात, एका पिवळ्या रंगद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होते, आणि जास्तीचा प्रकाश उष्णतेच्या रूपाने बाहेर सोडला जातो. ढगाची सावली शेतावरून सरकली की आम्लता उतरते आणि मांडणी हळूहळू पूर्ववत होऊ लागते.