आधी चाचणी, मग भाषांतर



 अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच आग्रहासाठी वापरणार आहे. स्थानिकीकरणाची चाचणी भाषांतर पूर्ण झाल्यावर नव्हे, त्याआधी आणि चालत्या प्रोग्राममध्ये व्हायला हवी.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात १९९५ पासून ग्नू गेटटेक्स्ट वापरात आहे. प्रोग्राम त्याला इंग्रजी वाक्य देतो आणि मराठी मागतो. मराठी सापडले नाही तर गेटटेक्स्ट इंग्रजीच परत करते. वापरणाऱ्याची यात सोय आहे, पण तपासणाऱ्याची अडचण होते. पडद्यावर इंग्रजी दिसले, तर भाषांतर राहून गेले की प्रोग्रामरने ते वाक्य गेटटेक्स्टकडे पाठवलेच नाही, हे ओळखता येत नाही. पहिली उणीव आपण भरून काढू. दुसरी मात्र भाषांतराच्या पीओ फाइलमध्ये कितीही खपलो तरी भरून निघत नाही.

लिनक्सवर याला सोपा उपाय आहे. ‘एलडी_प्रीलोड’ या व्हेरिएबलमध्ये आपल्या छोट्या लायब्ररीचा पत्ता दिला की ती सर्वांत आधी लोड होते, आणि गेटटेक्स्टसाठीची हाक प्रथम तिच्याकडे येते. ती खऱ्या गेटटेक्स्टला विचारते, मिळालेल्या उत्तराला चौकटी कंस घालते आणि पुढे देते. मूळ कोडला हात लावावा लागत नाही, नवा बिल्डही लागत नाही. वापरणाऱ्याचा स्वतःचा मजकूर सोडला, तर कंसाबाहेर दिसणारे प्रत्येक वाक्य संशयित ठरते. शेवटचा कंस दिसत नसेल तर मजकूर कापला जातो आहे. एका वाक्यात कंसांच्या दोन-तीन जोड्या दिसल्या तर ते तुकडे जोडून बनवले आहे. हा दोष मराठीला फार जाचतो. आपल्याकडे फाइल खोडली जाते, फोल्डर खोडला जातो आणि चित्र खोडले जाते. क्रियापद वेगळ्या तुकड्यात अडकले की त्याचे लिंग जुळवायला जागाच उरत नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. ऑप्टिमायझेशनसह कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये गेटटेक्स्टची हाक बहुधा ‘डीसीगेटटेक्स्ट’ या फंक्शनवर जाते, म्हणून तेही अडवावे लागते. परत दिलेली स्ट्रिंग मेमरीत टिकली पाहिजे, कारण प्रोग्राम ती केव्हाही पुन्हा वाचेल. ‘%s’सारख्या खुणांना धक्का लागता कामा नये. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रामवर हा उपाय चालत नाही.

इतरत्रही अशा सोयी आहेत. मीडियाविकीच्या पत्त्यात भाषा म्हणून ‘क्यूक्यूएक्स’ लिहिले की पानावर संदेशांऐवजी त्यांची नावे दिसतात. अँड्रॉइडच्या बनावट इंग्रजीत अक्षरांवर चिन्हे चढतात आणि वाक्ये लांबतात. पण ही लांबी प्रामुख्याने युरोपीय भाषांची काळजी आहे. देवनागरीला उंचीही लागते. बटणाची उंची ठरवताना समोर फक्त रोमन अक्षरे असली, की वरचा रफार आणि खालचा उकार छाटले जातात. म्हणून आपल्या लायब्ररीने नुसत्या कंसांवर थांबू नये; प्रत्येक वाक्यामागे ‘र्द्ध्रीं’, ‘ष्ट्रू’ अशी उंच-खोल जोडाक्षरे लावावीत. काय छाटले जाते ते एकही वाक्य मराठीत आणण्यापूर्वीच दिसेल, आणि दुरुस्ती तेव्हाच स्वस्त पडते.

भाषांतरकारांना वाक्यांची यादी हाती देऊन बसवणे मला मान्य नाही. आपले वाक्य पडद्यावर कुठे आणि कशाशेजारी बसते, हे पाहण्याचा त्यांना हक्क आहे आणि त्यासाठी पुढच्या रिलीजपर्यंत थांबायला लावणे अन्यायाचे आहे. प्रोग्रामर मित्रांनो, अशी लायब्ररी आपल्या प्रकल्पातच ठेवा आणि ती चालवण्याची एक ओळ सूचनापत्रात लिहा. भाषांतरकारांनो, पुढची पीओ फाइल स्वीकारण्याआधी कंस लावलेला चालता प्रोग्राम मागून घ्या.