वाडा सांभाळायचा कुणी?

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



परगावचा पाहुणा पुण्याच्या पेठांमधून हिंडू लागला, की एखाद्या जुन्या दिंडी दरवाजासमोर त्याची पावले हमखास थबकतात. काळ्या दगडाचे जोते, दरवाजावरची गणेशपट्टी, वर कोरीव लाकडी सज्जा, आत डोकावले तर उन्हाचा चौकोन पडलेला फरसबंद चौक आणि मध्ये तुळशीवृंदावन. ‘काय भाग्यवान माणसे, अशा घरात राहतात!’ असे उद्गार त्याच्या तोंडून सहज निघतात. नेमक्या त्याच वेळी त्या घराचा मालक माडीवर उभा राहून, येत्या पावसाळ्यात बादली कोणत्या कोपऱ्यात ठेवावी लागणार, याचा अंदाज घेत असतो. पाहुण्याचा उद्गार खोटा नाही आणि मालकाची चिंताही खोटी नाही. आजचा विषय या दोघांच्या मधला आहे.

शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नानावाडा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्या वास्तू सार्वजनिक आहेत. त्यांची काळजी शासनाने वा महापालिकेने वाहावी, अशी अपेक्षा करता येते. प्रश्न आहे तो खासगी वाड्यांचा. पेशवाईत आणि नंतरच्या शतकात सरदार, सावकार, कारकून, शास्त्री, वैद्य यांनी पुणे, सातारा, वाई, नाशिक, पैठण अशा ठिकाणी जी घरे बांधली, त्यांपैकी कित्येकांत आजही माणसे राहतात.

ही घरे बांधणाऱ्यांना वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, पण जाण पक्की होती. दगडी जोत्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा करायचा, भार सारा त्या सांगाड्याने पेलायचा आणि मधली जागा विटांनी भरून काढायची, अशी ही रचना. रस्त्याकडून ढाळज किंवा देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर. बाहेरचा माणूस ढाळजेत थांबे, ओळखीचा सोप्यापर्यंत येई, माजघरात घरचीच माणसे. कुणाला कुठवर येऊ द्यायचे हे घराची रचनाच सांगत असे; तोंडाने सांगण्याची वेळ येत नसे. वैशाखात चौकातली तापलेली हवा वर जाते आणि सावलीतल्या सोप्यांतून गार हवा तिची जागा घेते. जाड भिंतींमुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब आणि महिरपी पाहण्यासाठी आपण मुद्दाम जातो. तसेच खांब, जरा कमी नक्षीचे, साध्या गृहस्थांच्या सोप्यातही दिसतात.

घराबरोबर स्मृतीही येते. लोकमान्य टिळक विंचूरकर वाड्यात राहत असताना १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले होते. पुढे १९०५ मध्ये टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला आणि तो केसरीवाडा झाला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडले आणि त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली. ते कागद कोणत्या राजप्रासादात नव्हते. अशाच घरांच्या माळ्यांवर, फडताळांत आणि रुमालांत बांधलेले होते. कृष्णाकाठच्या मेणवलीचे नाव इतिहासकारांना परिचित आहे ते नाना फडणवीसांच्या दप्तरामुळे. घर टिकले म्हणून कागद टिकले.

मात्र वाड्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या माजघराच्या गारव्याचे आपण कौतुक करतो, तिथे उजेड कमी होता. चुलीचा धूर बाहेर जायला नीट वाट नव्हती. त्या अंधारात आणि धुरात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आजी-पणजींना विचारले असते तर वाड्याचे वर्णन त्यांनी काहीसे वेगळे केले असते. घर जतन करायचे म्हणजे त्यातली गैरसोयही पूज्य मानायची, असे कुणी समजू नये.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. ते प्रातिनिधिक आहे; पण पेठेत वाढलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचे वाटेल. पणजोबांनी घेतलेला दोन चौकांचा वाडा. मागचा चौक आणि त्याभोवतीच्या खोल्यांत चार बिऱ्हाडे. पुढच्या भागात थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक, पत्नी आणि वृद्ध आई. धाकटा भाऊ कोथरूडला, एक बहीण ठाण्याला, चुलतभाऊ इंदूरला, त्याचा मुलगा अमेरिकेत. मिळकतपत्रिकेवर अकरा नावे. गणपतीत सगळे जमतात, चौकात पंगत बसते, मुलांची छायाचित्रे काढली जातात, ‘वाडा विकायचा नाही हं, दादा!’ असे प्रत्येक जण निघताना सांगतो. आणि जून उजाडला की कौले चाळायला माणूस शोधत दादा एकटाच फिरतो.

या घरात उत्पन्न किती? भाड्याची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे बांधले गेले ते १ सप्टेंबर १९४० या तारखेला. युद्धकाळात आणि फाळणीनंतर भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे आवश्यकच होते. परंतु तात्पुरत्या संकटासाठी केलेली तरतूद अर्धशतक चालली. भाडी अशी गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. गणित सोपे आहे. सन २००० मध्ये ज्या खोलीचे भाडे वीस रुपये होते, ते चक्रवाढीने वाढवत नेले तरी पंचवीस वर्षांनी चोपन्न रुपयांच्या आत राहते. दुरुस्तीचे दायित्व मात्र कायद्याने मालकाचे. चार बिऱ्हाडांच्या वर्षाच्या भाड्यात एका सुताराची आठवड्याची मजुरी भागत नाही.

म्हणून भाडेकरूला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. तीन पिढ्या त्याच खोलीत राहिलेल्या त्या माणसाचीही वाड्याशी नाळ जुळलेली आहे. नळावरची भांडणे होत असली तरी मालकाच्या घरी रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले, तर पहिला धावून येतो तोच. दोघेही एकाच गळक्या छपराखाली आहेत.

छपरावरून दुरुस्तीकडे वळू. जुने घर एका दिवसात पडत नाही. ते थेंबाथेंबाने पडते. मांजर किंवा माकड कौलांवरून गेले, दोन कौले सरकली. तिथून आलेले पाणी वाशावर, वाशावरून तुळईच्या टोकाशी. तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते, त्यामुळे कुजण्याची क्रिया डोळ्यांना दिसत नाही. खालच्या अंगाने जमिनीतली ओल खांबाच्या बुंध्याला लागते आणि ओल्या लाकडाला वाळवी सोडत नाही. पूर्वी संडास-न्हाणी घराच्या मागे, वेगळी असत. पुढे सोयीसाठी माडीवर न्हाणीघरे झाली आणि लाकडी तक्तपोशीवर रोज बादल्याबादल्यांनी पाणी पडू लागले. मूळ कारागिराने याचा हिशेब केलेलाच नव्हता.

सर्वांत मोठी हानी मात्र सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीने झाली आहे. मातीच्या वा चुन्याच्या दर्जेत बांधलेली भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिला सिमेंटचा गिलावा केला की पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण आतली ओल कोंडली जाते. ती लाकडाकडे सरकते. चार-सहा वर्षांत गिलावा फुगतो, त्यामागची वीट भुसभुशीत झालेली असते आणि ‘जुने बांधकाम, काय टिकणार!’ असा ठपका त्या बिचाऱ्या विटेवर येतो. चुन्याला चुनाच लागतो. तो भिजवून मुरवावा लागतो, घाणीत मळावा लागतो. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत होती. ते करणारा गवंडी आणि कुजलेल्या तुळईचे टोक कापून नव्या सागाचा तुकडा सांध्यात बसवणारा सुतार, दोघेही आता दुर्मीळ झाले आहेत. मिळाले तर त्यांना वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा.

पाण्याची ताकद पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिली. पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींची घरे पाणी अंगावर घेऊन विरघळावीत तशी बसली. त्यानंतर शहर पलीकडे वाढले आणि पेठांतून मध्यमवर्ग बाहेर पडू लागला. आजही पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस हाती आली, की दादाला रात्री झोप लागत नाही. वाडा कोसळला तर केवळ घर जाणार नाही. त्याखाली कुणी सापडेल, ही भीती असते. वारशाविषयी बोलणाऱ्या आपण सर्वांनी ही भीती आधी समजून घेतली पाहिजे.

शासन काय करते? मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंची नियमावली आणि यादी आली. पुण्यातही दर्जा ठरवून यादी झाली. पहिल्या दर्जाच्या वास्तूत बदलाला जवळजवळ वाव नाही, तिसऱ्या दर्जात बराच आहे. यादीत नाव येणे हा सन्मान खराच. पण त्या सन्मानासोबत निर्बंध येतात आणि पैसा येतोच असे नाही. न वापरलेले चटईक्षेत्र विकासहक्काच्या रूपाने विकता यावे, अशी तरतूद नियमांत आहे. ती चांगली आहे, परंतु अकरा वारसांच्या सह्या आणि कार्यालयांच्या फेऱ्या निवृत्त शिक्षकाने कशा पार पाडाव्यात?

शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांची अडचण आणखी निराळी. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आले. डागडुजीला परवानगी घेऊन वाव आहे, पाडून बांधायला नाही. स्मारकाच्या रक्षणासाठी शेजारच्या सामान्य गृहस्थाकडून एवढा त्याग मागितला जातो, तर त्याच्या डागडुजीसाठी सुलभ कर्ज आणि एक जाणता अभियंता देणे शासनाला जड जाऊ नये.

इंग्लंडमध्येही १९३० च्या दशकात मोठ्या घराण्यांवर करांचा बोजा आला. तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने मार्ग काढला तो असा, की घर संस्थेला द्यावे, कुटुंबाने तिथेच राहावे आणि लोकांना ते पाहता यावे. लॉर्ड लोथियन यांचे ब्लिकलिंग हॉल १९४० मध्ये याच रीतीने संस्थेकडे आले. अर्थात तेथील घरांबरोबर जमिनी आणि निधीही येई; पेठेतल्या वाड्याबरोबर येतात ती बिऱ्हाडे आणि दावे. त्या योजनेची नक्कल इथे चालणार नाही.

बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव या पार्श्वभूमीवर पाहायचा. प्रत्येक वारसाला सदनिका किंवा रक्कम, भाडेकरूंना मालकीची जागा, आईसाठी लिफ्ट. यात वाईट काय आहे? प्रामाणिकपणे पाहिले तर फारसे नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा मिळाला, हे न्याय्यच झाले. पण चौक अकरा जणांत वाटता येत नाही, पैसा वाटता येतो. वाड्याचे कोरीव खांब मग जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि एखाद्या उपाहारगृहाच्या दारात उभे राहतात. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयात आणून उभे केले म्हणून निदान एक दालन पाहायला मिळते. प्रत्येक वाड्याला केळकर भेटत नाहीत.

त्या प्रातिनिधिक घरातील बैठक यंदा गणपतीनंतर झाली. ‘विकायचा नाही’ म्हणणाऱ्यांना दादाने पहिल्यांदाच एक वही दाखवली. कौले, वासे, वीज, घरपट्टी, वकील, असा बारा वर्षांचा खर्च तारखेनिशी लिहिलेला होता. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग अमेरिकेतल्या पुतण्याने दूरध्वनीवरून विचारले, अकरा जणांनी दरवर्षी ठरावीक रक्कम घातली तर पुढचा चौक तरी टिकेल का? बहिणीने विचारले, मागचा चौक बिऱ्हाडांना मालकीने देऊन त्यांनाच दुरुस्तीत भागीदार करता येईल का? वकिलाने दोन्ही गोष्टी शक्य आहेत, पण सोप्या नाहीत, असे सांगितले. व्यावसायिकाचा मसुदा फडताळात ठेवला आहे. तूर्तास वाड्याची मोजमापे घेऊन नकाशे काढण्याचे काम एका वास्तुविशारदाला दिले आहे आणि माळ्यावरचे रुमाल खाली उतरवून त्यांतील मोडी कागद वाचायला कोण येऊ शकेल, याची चौकशी धाकटा भाऊ करतो आहे.