राजा, हजर!



मी इन्फंट्रीतून निवृत्त झालेला माणूस. आता बंगळुरूत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात मी, माझी बायको आणि राजा. राजा म्हणजे आमचा मुधोळ हाउंड, वय दीड वर्ष. घरात नवीन आलेल्या कुत्र्याला शिस्त कशी लावायची, यावर आज बोलायचंय. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण ती चूक तुमच्यापैकी बरेच जण करत असणार.

राजा सात महिन्यांचा होता. संध्याकाळी त्याला घेऊन सोसायटीच्या गेटपाशी उभा होतो. पलीकडे मांजर दिसलं. राजाने आधी मागे हिसका दिला आणि गळपट्टा डोक्यावरून निसटला. मुधोळचं डोकं निमुळतं आणि मान जाड. त्यामुळे साधा पट्टा सैल बसला तर असाच निघतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. राजा थेट रस्त्यावर. बस, रिक्षा, दुचाक्या, ऑफिस सुटायची वेळ. मी परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडलो, "राजा, ये!" तो थांबला. माझ्याकडे बघितलं. कान मागे घेतले आणि आणखी लांब पळाला.

एक रिक्षा त्याच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली.

तेवढ्यात बायको स्लिपर घालून धावत खाली आली. ती ओरडली नाही. फुटपाथवर उकिडवी बसली, त्याच्याकडे थोडी पाठ केली आणि बिस्किटाचा पुडा चुरचुरवला. दहा सेकंदांत राजा तिच्या मांडीत.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "अहो, तो तुमच्या पलटणीतला जवान नाही. तुम्ही बोलावता तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं, ते एकदा आठवा."

मी आठवलं. चप्पल कुरतडली, "ये इकडे." गालिच्यावर घाण केली, "ये इकडे." आंघोळ घालायची, औषध पाजायचं, बागेतला खेळ थांबवून घरी न्यायचं, सगळ्याला "ये." त्याच्या डोक्यात 'ये' या शब्दाचा अर्थ 'आता काहीतरी वाईट होणार' असा पक्का झाला होता. तो अर्थ मीच शिकवला होता. तो आज्ञा मोडत नव्हता, शिकवलेलं पाळत होता.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली, ती मी हे पूर्वी शिकलो होतो म्हणून. जम्मू-काश्मीरमध्ये असताना आमच्याबरोबर एक श्वानपथक होतं. सैन्यातली कुत्री रिमाउंट व्हेटरनरी कोअरची, त्यांचं केंद्र मेरठला. सकाळी रस्ता तपासताना सुरुंग शोधायला एक लॅब्राडोर पुढे असायची. तिचा हँडलर साताऱ्याकडचा नाईक. मी त्याला विचारलं, "ही कधी कामाला नाही म्हणत नाही?" तो म्हणाला, "साहेब, तिला सुरुंग माहीत नाही. हा वास सापडला की आपला चेंडू मिळतो, एवढंच माहीत आहे. तिच्यासाठी हा खेळ आहे. मी खेळ मोडला तर काम मोडेल."

ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या कारवाईत 'झूम' नावाच्या लष्करी कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या. पुढे श्रीनगरला उपचार चालू असताना तो गेला. लोक म्हणतात, काय ती आज्ञाधारकता! ती धाकातून येत नाही मंडळी. ती हँडलरवरच्या विश्वासातून येते.

तर मी नव्याने सुरुवात केली. पहिलं काम म्हणजे शब्द बदलला. 'ये' नासला होता, तो सोडून दिला. नवा शब्द घेतला, 'हजर'. सवयीचा होता म्हणून. तुम्ही कुठलाही घ्या.

पहिला आठवडा फक्त घरात. राजा दोन पावलांवर असताना आनंदी आवाजात एकदाच "राजा, हजर". आला की लगेच, एका-दोन सेकंदांत, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. शाकाहारी घरात पनीर चालतं. बेदाणे, चॉकलेट, कांदा मात्र अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी. असं आठ-दहा वेळा, तीन मिनिटं, की सुट्टी. दिवसातून तीनदा. त्याला अजून हवंसं वाटत असतानाच थांबायचं.

मग दुसऱ्या खोलीतून. मग कॉरिडॉर. मग बेसमेंटचं पार्किंग. मग बागेत, दहा मीटरची दोरी बांधून. एका जागी दहापैकी नऊ वेळा आला तरच पुढची जागा. चुकला तर एक पायरी मागे. रिक्रूटला पहिल्याच दिवशी कोणी फायरिंग रेंजवर नेत नाही.

आणि दोन नियम मी स्वतःसाठी केले. एक, 'हजर' म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, उशिरा आला तरीही. दोन, आंघोळ, औषध, नखं कापणं यासाठी बोलवायचं नाही. आपण उठून त्याच्याजवळ जायचं.

दुसरी अडचण खास बंगळुरूची. मी म्हणायचो 'बस', बायको 'खाली बस', कामाला येणाऱ्या बाई कन्नडमध्ये 'कूत्को' आणि वॉचमन 'बैठ'. बिचाऱ्या जनावराने काय करावं? शेवटी फ्रिजवर कागद लावला. चारच शब्द: हजर, बस, थांब, सोड. आता सगळे तेच बोलतात. त्या बाईंचं मराठी 'बस' माझ्यापेक्षा जास्त चालतं, कारण त्या एकदाच म्हणतात.

'बस' शिकवायला ढुंगण दाबायचं नाही. खाऊ नाकापाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकलं की शब्द आणि खाऊ. लिफ्टचं दार उघडण्याआधी राजा बसतो, त्यामुळे कुत्र्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्यांचीही कुरकुर थांबली. 'थांब' आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. 'सोड' म्हणजे अदलाबदल. तोंडातली चप्पल हिसकायची नाही, त्याहून चांगलं काहीतरी पुढे करायचं.

पिल्लू दोन महिन्यांचं असलं तरी हे सगळं शिकतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याला कुकरची शिट्टी, हॉर्न, लहान मुलं, छत्री यांची ओळख करून द्या. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर कडेवर घेऊन फिरवा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आता जातीबद्दल. मुधोळ आपल्या बागलकोट जिल्ह्यातलं. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला तिची पिल्लं भेट दिली. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला गेली. जात चपळ, पण ती नजरेने शिकार करणारी. पळणारी वस्तू दिसली की तिचे कान बंद होतात. म्हणून पाळण्याआधी विचारा, रोज पळवायला जागा आहे का? वेळ आहे का? नसेल तर गल्लीतलं देशी पिल्लू आणा, तेही तितकंच हुशार असतं.

चार महिन्यांनी पुन्हा तोच प्रसंग आला. बेसमेंटमध्ये लीशचा हूक निघाला, समोर मांजर. या वेळी मी ओरडलो नाही. खाली बसलो आणि म्हटलं, "राजा, हजर." तो वळला. आला. मी खिशातलं सगळं चिकन त्याला देऊन टाकलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

तरीही सांगतो, तो दहापैकी नऊ वेळा येतो. दहाव्या वेळेसाठी आता मानेवर आवळून बसणारा मार्टिंगेल पट्टा आहे आणि मोकळ्या जागी दोरी सोडत नाही.

आज घरी गेल्यावर एकच करा. कुत्र्याला काहीही कारण नसताना बोलवा. आला की खाऊ द्या, पाठीवर हात फिरवा आणि त्याला परत खेळायला सोडा. बस्स, एवढंच.

जय हिंद.