हॉवर्थचे पाद्रीघर आणि त्यात राहिलेली माणसे
[एका अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान]



घराचा इतिहास सांगावयाचा म्हटले की लोक राजवाड्यांचा सांगतात, नाही तर किल्ल्यांचा. मी आज ज्या घराची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे, ते उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, हॉवर्थ नावाच्या डोंगरी गावात असलेले पाद्रीसाहेबांचे घर आहे. घर दुमजली, दगडी आणि अगदी साधे. ते १७७८-७९ साली बांधले गेले. पुढे आणि बाजूला दफनभूमी, मागे मैलोगणती पसरलेला उजाड माळ. या घरात दीडशे वर्षे माणसे राहिली, जगली, मेली. पण राहणाऱ्यांपैकी एकाच्याही मालकीचे ते नव्हते. ही गोष्ट आपण आरंभीच ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यातूनच उद्भवते.

इंग्लंडच्या राज्यमान्य चर्चची पद्धत अशी की, धर्मोपदेशकास पदाबरोबर राहावयास घर मिळते. पद गेले की घर गेले. वतन म्हणजे काय हे या सभेत समजावून सांगण्याची गरज नाही. वतनात पायातली बेडी होती, पण निदान ती जमीन बापामागून मुलाकडे जात असे. हॉवर्थच्या घरात तेवढाही वारसा नव्हता. पाद्री मेला की त्याच्या बायकामुलांनी बोचके बांधावयाचे आणि नव्या माणसासाठी दार मोकळे करून द्यावयाचे. काटेकोर बोलावयाचे तर हॉवर्थचा धर्मोपदेशक पूर्ण अधिकाराचा 'व्हिकर'देखील नव्हता. तो मान ब्रॅडफर्ड शहराच्या व्हिकरचा होता, आणि हॉवर्थ हे त्याच्या हाताखालचे ठाणे होते.

मग या घरात कोणी राहावयाचे हे कोणी ठरवावयाचे? येथे गावकऱ्यांचा हक्क पुढे येतो. ब्रॅडफर्डच्या व्हिकरला नेमणुकीचा अधिकार होता हे खरे. परंतु ज्या जमिनींच्या उत्पन्नावर पाद्रीचे पोट चाले, त्या जमिनी गावच्या विश्वस्तांच्या हाती होत्या. मनाविरुद्ध माणूस आणला तर आम्ही पगार देणार नाही, असे ते म्हणू शकत. १८१९ साली जुने पाद्री चार्नक हे वारले तेव्हा व्हिकरने विश्वस्तांस न विचारता पॅट्रिक ब्रॉन्टे यांचे नाव पुढे केले. विश्वस्त बिथरले. माणूस वाईट म्हणून नव्हे, तर आपणांस विचारले नाही म्हणून. ब्रॉन्टे यांनी ते ओळखले आणि ते बाजूला झाले. मग व्हिकरने रेडहेड नावाच्या गृहस्थास पाठविले. त्यांचे काय झाले याची कथा गास्केलबाईंनी आपल्या १८५७ च्या चरित्रग्रंथात रंगवून सांगितली आहे : प्रार्थना चालू असता लोक लाकडी तळव्यांचे जोडे खडखडवीत उठून गेले, पुढच्या रविवारी एक माणूस गाढवावर उलटा बसून देवळात शिरला, इत्यादी. हा तपशील सगळाच खरा मानावा असे मी म्हणणार नाही. पण रेडहेड यांस काही आठवड्यांतच गाव सोडावे लागले, एवढे निश्चित. अखेर तडजोड झाली. व्हिकर आणि विश्वस्त या दोघांच्या संमतीने १८२० साली पुन्हा त्याच पॅट्रिक ब्रॉन्टे यांची नेमणूक झाली! माणूस तोच, फरक पडला तो एवढाच की, या खेपेस गावाला विचारले होते.

हे पॅट्रिक ब्रॉन्टे कोण? आयर्लंडमधील डाउन परगण्यातल्या एका गरीब शेतकऱ्याच्या दहा अपत्यांपैकी ते पहिले. जन्म १७ मार्च १७७७. घराण्याचे नाव ब्रंटी किंवा प्रंटी असे काहीसे उच्चारले जाई. लहानपणी लोहाराच्या हाताखाली काम, मग मागावर विणकाम. सोळाव्या वर्षी ते मुलांना शिकवू लागले, आणि पंचविसाव्या वर्षी, १८०२ साली, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथे गरीब विद्यार्थ्यांस कमी शुल्कात घेत, त्या वर्गात ते होते. हेन्री मार्टिन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, आणि विल्बरफोर्स व थॉर्नटन या गृहस्थांनी त्यांस वर्षाला दहा-दहा पौंडांची मदत केली. हे तेच हेन्री मार्टिन, जे पुढे हिंदुस्थानात आले आणि ज्यांनी बायबलचा नवा करार उर्दूत उतरविला. लोहाराच्या भात्यापासून केंब्रिजच्या पदवीपर्यंतचा हा प्रवास केवळ विद्येच्या बळावर झाला, आणि हे पॅट्रिक ब्रॉन्टे जन्मभर विसरले नाहीत. हॉवर्थला त्यांनी १८३२ साली घरासमोरच मुलांसाठी रविवारची शाळा बांधविली. क्षुल्लक गुन्ह्यांसाठी फाशी देणाऱ्या कायद्याविरुद्ध वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली. १८३४ च्या नव्या कायद्याने गरिबांना कारखान्यासारख्या अनाथगृहांत कोंडण्यास आरंभ केला, तेव्हा तो रद्द व्हावा म्हणून १८३७ साली गावात सभा भरली. तिचे अध्यक्षस्थान यांनी घेतले. राजकारणात मात्र गृहस्थ जुन्या मताचे. उशाशी भरलेले पिस्तूल ठेवीत आणि रोज सकाळी ते खिडकीतून झाडून मोकळे करीत.

एप्रिल १८२० मध्ये ते पत्नी मारिया आणि सहा मुले यांच्यासह या घरात आले. दीड वर्षाच्या आत, १५ सप्टेंबर १८२१ रोजी, पत्नी वारली. तिची बहीण एलिझाबेथ ब्रॅनवेल ही दूर दक्षिणेतल्या पेन्झान्सहून मुलांना सांभाळण्यास आली, आणि १८४२ साली मरेपर्यंत येथेच राहिली. पाद्रीच्या मुलींसाठी कोवन ब्रिज येथे वर्षाला चौदा पौंड शुल्काची एक स्वस्त शाळा निघाली होती. तेथे थोरल्या चार मुलींना घातले. थंडी, निकृष्ट अन्न आणि रोगराई यांनी तेथे मुली खंगल्या. मारिया आणि एलिझाबेथ या दोघी क्षयाने आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ च्या मे-जून महिन्यांत, सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा.

उरले चौघे : शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. आता त्या घराचा नियम आठवा. बापाचे उत्पन्न वर्षाला सुमारे दोनशे पौंड, आणि तेही तो जिवंत आहे तोवर. तो गेला की मुलींना छप्पर नाही. बापाला केंब्रिजने उचलून वर काढले. पण त्या केंब्रिजचे दार मुलींना बंद होते. तेथे स्त्रियांना पदवी मिळू लागली ती १९४८ साली! मुलगा एकटा होता, त्याच्यावर सर्वांची भिस्त. तो चित्रकार झाला नाही, रेल्वेच्या नोकरीतून निघाला, शिकवणीच्या नोकरीतून निघाला आणि दारूत बुडाला. मुलींना एकच वाट होती : श्रीमंताघरी राहून त्यांची मुले शिकवावयाची. १८४१ साली शार्लटला अशा नोकरीत वर्षाला वीस पौंड ठरले होते. त्यांतूनही चार पौंड कपडे धुण्याबद्दल कापून घेत. शिकवून झाले की रात्री मालकिणीचे शिवणकाम. जेवावयास ना घरच्या मंडळीत जागा, ना नोकरांच्या. या जाचातून सुटण्यासाठी तिघींनी १८४४ साली याच घरात शाळा काढण्याचे ठरविले. पत्रके छापली, ओळखीपाळखीच्या लोकांस पाठविली. एकही विद्यार्थिनी आली नाही.

येथे मी स्वयंपाकघरात थोडा थांबणार आहे. या घरात १८२४ पासून टॅबिथा ऐक्रॉइड नावाची गावातलीच एक वयस्कर कामकरी बाई होती. मुले तिला टॅबी म्हणत. आई गेलेल्या या मुलांना भाकरी आणि गोष्टी दोन्ही तिच्याच हातून मिळाल्या. १८३६ च्या डिसेंबरात बर्फावरून पाय घसरून तिचा पाय मोडला. मावशीने हिशेब घातला : हिच्याने आता काम होणार नाही, उलट हिचेच करावे लागेल, तेव्हा हिने आपल्या बहिणीकडे जावे. मावशी दुष्ट नव्हती. घर पाद्रीचे, मिळकत बेताची, तिचा हिशेब बरोबरच होता. परंतु मुलींनी जेवावयाचेच सोडले. म्हाताऱ्या टॅबीने आमचे बालपणी केले, आता तिचे आम्ही करू, असा त्यांचा हट्ट. ताटे जशीच्या तशी परत गेली, तेव्हा मावशी नमली. टॅबी राहिली. मध्यंतरी काही वर्षे ती बहिणीकडे गेली होती, पण पुन्हा आली आणि १८५५ च्या फेब्रुवारीत मरेपर्यंत याच घराची होती. या घरावर कोणाचाच कायदेशीर हक्क नव्हता हे मी सांगितले. एका मोलकरणीचा हक्क मात्र या मुलींनी उपाशी राहून मान्य करून घेतला.

ग्रंथांची हकीकत सर्वश्रुत आहे, ती मी थोडक्यात उरकतो. शार्लटने १८३६ च्या अखेरीस आपल्या कविता राजकवी सदे यांस पाठविल्या, तेव्हा वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, असा उपदेश तिला मिळाला. तरीही तिघी बहिणी रात्री जेवणघराच्या टेबलाभोवती बसून लिहीत. १८४६ साली पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावांनी, मावशीने मागे ठेवलेल्या पैशांतून, त्यांनी कवितांचे पुस्तक छापले. त्याच्या दोन प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी 'जेन एअर', 'वुदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे' ही तिन्ही पुस्तके बाहेर पडली. 'जेन एअर'मध्ये कोवन ब्रिजची शाळा आहे आणि 'ॲग्नेस ग्रे'मध्ये गव्हर्नेसची नोकरी आहे. आणि यश दारात येते न येते तोच ब्रॅनवेल सप्टेंबर १८४८ मध्ये गेला, एमिली डिसेंबरात, ॲन पुढच्या मे महिन्यात.

त्याच १८४९ सालच्या ऑगस्टात, तीन महिन्यांत दोन मुले पुरलेला आणि तिसरीचा मृत्यू नुकताच सोसलेला हा बहात्तर वर्षांचा म्हातारा गावकऱ्यांच्या सह्या घेऊन लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज पाठवीत होता. मागणी एकच : गावाला शुद्ध पाणी हवे. १८४८ च्या कायद्याप्रमाणे करदात्यांपैकी एकदशांश लोकांनी मागणी केली की सरकारी निरीक्षक चौकशीस येत असे. निरीक्षक बॅबेज हे आले आणि १८५० साली त्यांनी अहवाल दिला. त्यातले आकडे ऐका. हॉवर्थमध्ये मरणाऱ्यांचे सरासरी वय २५.८ वर्षे. शंभरांतली ४१.६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरत. सबंध गावाला ६९ शौचकूप, म्हणजे साडेचार घरांस एक. गटारे नाहीत. आणि पाद्रीघराच्या खिडकीखालच्या त्या दफनभूमीत दहा वर्षांत १,३४४ प्रेते पुरलेली!

एवढे झाल्यावर नळ यावयास हवे होते. पण गावातील सुखवस्तू करदात्यांनी विरोध केला, कारण नवे पाणी म्हणजे नवी पट्टी. ज्यांचे आड भरलेले होते त्यांना दुसऱ्याच्या तहानेसाठी पट्टी भरावयाची नव्हती. हा युक्तिवाद कोठे तरी ऐकल्यासारखा वाटला तर तो आपला दोष नव्हे. अर्ज, विरोध, पुन्हा अर्ज असे चालले आणि गावाचा पाण्याचा साठा बांधून झाला तो १८५८ साली. अर्जदार तोवर ऐंशी ओलांडून गेले होते.

शार्लटने १८५४ साली वडिलांचे साहाय्यक आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केले. इंग्लंडचा त्या वेळचा कायदा असा की, लग्न होताच स्त्रीची मिळकत नवऱ्याची. म्हणून लग्नापूर्वी करारपत्र करून तिने आपली लेखणीची कमाई, सुमारे सतराशे पौंड, विश्वस्तामार्फत स्वतःसाठी राखून ठेवली. निकल्स यांनी त्यास हरकत घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. विवाहित स्त्रीला हा हक्क करारपत्रावाचून मिळावा म्हणून १८५६ साली पार्लमेंटकडे जो अर्ज गेला, त्यावर शार्लटच्या चरित्रकार गास्केलबाईंची सही आहे. तो हक्क पुरता मिळाला १८८२ च्या कायद्याने. शार्लट तोपर्यंत जगली नाही. लग्नानंतर नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ रोजी, ती याच घरात वारली. मरण्यापूर्वी तिने मृत्युपत्र करून सर्व काही नवऱ्याला दिले. कायद्याने घेतलेले आणि आपण होऊन दिलेले यांतला फरक तिला कळत होता.

मग घरात दोनच पुरुष उरले : सासरा आणि जावई. निकल्स यांनी म्हाताऱ्याची सहा वर्षे सेवा केली आणि गावचे सर्व धर्मकार्यही पाहिले. ७ जून १८६१ रोजी पॅट्रिक ब्रॉन्टे चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले. सर्वांना वाटले, आता निकल्सच. पण विश्वस्तांनी मत दिले ते त्यांच्याविरुद्ध. चाळीस वर्षांपूर्वी ज्या हक्कासाठी गाव लढले, त्याच हक्काने या वेळी एका प्रामाणिक माणसाला बाहेर काढले. हक्क हा हक्कच. तो नेहमी आपल्या मनासारखा वापरला जाईल असे नाही. ज्याची भीती मुलींनी जन्मभर बाळगली ते शेवटी जावयाच्या वाट्याला आले. ऑक्टोबरात घरातल्या सामानाचा लिलाव झाला. निकल्स आयर्लंडला परतले, तेथे शेती करून राहिले आणि १९०६ साली वारले. घरची दुसरी मोलकरीण मार्था ब्राऊन हीदेखील काही काळ त्यांच्याकडे जाऊन राहिली.

पुढचे पाद्री जॉन वेड यांनी १८७८ साली घराला एक बाजू नवी जोडली, आणि जुने चर्च पाडून, मनोरा तेवढा ठेवून, नवे बांधले. ब्रॉन्टे भगिनींचे घर पाहण्यास येणाऱ्यांचा त्यांस कंटाळा असे, असे सांगतात. मला त्यात त्यांचा फार दोष दिसत नाही, कारण घर त्यांच्या राहण्याचे होते. शेवटी हॉवर्थच्याच परिसरात जन्मलेले गिरणीमालक सर जेम्स रॉबर्ट्स यांनी ते घर तीन हजार पौंडांस विकत घेऊन ब्रॉन्टे सोसायटीस दिले, आणि ४ ऑगस्ट १९२८ रोजी ते संग्रहालय म्हणून सर्वांस खुले झाले.

१८६१ च्या लिलावात जेवणघरातले ते टेबलही विकले गेले होते. त्यावर शाईचे डाग आहेत, मेणबत्तीने जळाल्याची खूण आहे आणि कोणी तरी कोरलेले 'ई' हे अक्षर आहे. १५४ वर्षे ते परक्या घरांत होते. २०१५ साली सार्वजनिक निधीतून ५,८०,००० पौंडांचे अनुदान मिळाले, तेव्हा ते पुन्हा त्याच खोलीत आणून ठेवण्यात आले.