रा. भा. पाटणकरांचा वारसा आणि आपण



स्वागत समितीच्या आणि समस्त गावकऱ्यांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्या नात्यावर बोलायला आपण कारंजा तालुक्यातल्या कामरगावी आलात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. असल्या विषयाला विद्यापीठाचे सभागृहच हवे, असे पुष्कळांचे मत असते. आमचे तसे नाही, आणि त्याला आधार आहे.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागाने घर सोडून निघाला. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरली आणि अखेर त्या दोघांचे लग्न लागले ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. काव्य आणि काव्याचा विचार यांचा संसार आपल्या जिल्ह्यात सुरू झाला, असे हजारेक वर्षांपूर्वीचा एक शास्त्रकार लिहून गेला. याच वत्सगुल्माच्या सर्वसेन या वाकाटक राजाने प्राकृतात 'हरिविजय' रचले, आणि काश्मीरच्या आनंदवर्धनाला 'ध्वन्यालोका'त त्याची दखल घ्यावीशी वाटली.

कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांविषयी इथे जमलेल्यांना वेगळे सांगायला नको. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी तिथल्या पोथ्यांवरून अपभ्रंश काव्ये संपादून छापली. 'षट्खंडागम' हा कर्मसिद्धान्ताचा प्रचंड ग्रंथ धवला टीकेसह १९३९ पासून अमरावतीहून निघू लागला, तोही त्यांच्याच संपादनाखाली. काव्य एका हाताने आणि दर्शन दुसऱ्या हाताने सांभाळणारा प्राध्यापक आपल्या भागाने असा फार पूर्वी पाहिला आहे.

पण आज मला सविस्तर बोलायचे आहे ते प्रा. राजाराम भालचंद्र पाटणकर यांच्याविषयी. त्यांचा जन्म १९२७ चा, खामगावचा. गुजरातेत आणि अमरावतीला शिकवून ते मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात गेले आणि तिथलेच झाले. साहित्यातून एका मनातले दुसऱ्या मनापर्यंत काय पोचते, कसे पोचते, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. म्हणजे नोकरी इंग्रजी साहित्याची आणि प्रश्न तत्त्वज्ञानाचा. तौलनिक साहित्याचे प्राध्यापक अशी पाटी त्यांच्या दारावर नव्हती. पण प्लेटो, ॲरिस्टॉटल, कांट, क्रोचे, आपला रससिद्धान्त आणि आपले मर्ढेकर यांना त्यांनी एकाच चर्चेत समोरासमोर बसवले, कुणालाही पाहुणा न मानता. तौलनिक अभ्यास याहून वेगळा काय असतो?

१९६९ मध्ये त्यांनी सौंदर्यशास्त्र आणि साहित्यसमीक्षा या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी विद्वान म्हणून त्यांचे नाव राहिलेच असते. त्यांनी मात्र आपला सर्वांत मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. 'सौंदर्यमीमांसा' १९७४ मध्ये आली आणि १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पाठोपाठ 'कांटची सौंदर्यमीमांसा' आली. कांट मराठीत नीट समजावता येतो, हे त्यांनी करून दाखवले. माझ्या मते मराठीत लिहिणे हा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय होता.

त्यांचे म्हणणे काय होते? कलेचे एकच सारतत्त्व शोधून त्याची व्याख्या करण्याचा हट्ट त्यांनी सोडला. या बाबतीत त्यांना विट्गेन्श्टाइनचा आधार वाटला. साहित्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत, असे त्यांनी मांडले: एक लौकिकतावादी, दुसरा अलौकिकतावादी. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. कापसाचे पीक बुडालेल्या शेतकऱ्यावर कुणी कथा लिहिली. एक वाचक विचारतो, हे असेच घडते का, यातून आम्हाला आमच्या जगण्याचे काय कळले? दुसरा विचारतो, कथा म्हणून ती एकसंध उभी राहिली का, तिच्या घटकांत लय आहे का? आपण या दोघांची भांडणे लावतो. एकाला प्रचारकी म्हणतो, दुसऱ्याला कलावादी. पाटणकरांनी दाखवले की हे दोन्ही प्रश्न साहित्याच्या संकल्पनेतच मुरलेले आहेत आणि त्यातला एक खोडला तर साहित्यव्यवहाराचा अर्धा भाग आपल्याला समजेनासा होतो. ज्या विदर्भात शेतीच्या दुःखावर इतके लिहिले जाते, तिथे ही मांडणी आम्हाला रोजच्या उपयोगाची वाटते.

केवळ सिद्धान्तात ते रमले असेही नाही. कमल देसाई यांच्या कथाविश्वावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि उत्तरायुष्यात 'अपूर्ण क्रांती' लिहून महाराष्ट्राच्या आधुनिक विचारविश्वाचा शोध घेतला. २००४ मध्ये ते गेले.

आज आपल्या महाविद्यालयांत काय चित्र आहे? मराठीचा विद्यार्थी पाटणकरांचे नाव परीक्षेपुरते लिहितो, इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसते, आणि तत्त्वज्ञान शिकायला विद्यार्थीच मिळत नाहीत. ज्या माणसाने या तिन्ही विषयांना एकत्र आणले, त्याचे पुस्तक कपाटात राहावे, याचे मला खरोखर दुःख होते. 'सौंदर्यमीमांसा' कठीण आहे, हे मान्य. पण ती सावकाश, एकमेकांना विचारत वाचली तर खेड्यातल्या मुलालाही समजते, कारण तिची भाषा मराठी आहे आणि तिचे युक्तिवाद लपवाछपवी करत नाहीत.

गावाने आपल्या परीने सारी व्यवस्था केली आहे. काही कमी पडले तर हक्काने सांगा. आणि प्राध्यापक मित्रांनो, माझी एक विनंती घेऊन जा. २०२७ हे पाटणकरांचे जन्मशताब्दी वर्ष. त्याची वाट न पाहता, परत गेल्यावर मराठी, इंग्रजी आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एका वर्गात बसवा आणि 'सौंदर्यमीमांसे'चे एक तरी प्रकरण त्यांच्याबरोबर वाचा.