पंगतीच्या टोकाला



भूलतज्ज्ञाला पाठ टेकायची खुर्ची सहसा मिळत नाही. रुग्णाच्या उशाशी एक फिरतं स्टूल, तेही बहुतेक डगमगतं, ही आपली हक्काची जागा. सत्तावीस वर्षं त्या स्टुलावर काढल्यावर तुम्ही आज आपल्या जिल्हा शाखेच्या अध्यक्षाची ही मखमलीची खुर्ची दिलीत. आभारी आहे. सवय नसल्यामुळे मघापासून पुढे सरकूनच बसलो होतो.

अध्यक्षाने नव्या औषधांबद्दल, सोनोग्राफीवर बघून द्यायच्या ब्लॉकबद्दल बोलावं असा रिवाज आहे. ते सकाळच्या सत्रात तरुण मंडळींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी पैशांबद्दल बोलणार आहे आणि झोपेबद्दल. हे विषय आपण ओटीच्या बाहेर चहा पिताना चघळतो, माइकसमोर काढत नाही.

निमित्त माझ्या भाचीचं. इंटर्नशिप संपवून घरी आली होती. नीट-पीजीचा रँक बरा, पण रेडिओलॉजी किंवा स्किन मिळण्याइतका नाही. वहीत रकाने आखून आली होती. मला म्हणाली, "मामा, महिन्याला किती मिळतात?" मी आकडा सांगितला. सांगताना जरा ताठ बसलो, हेही कबूल करतो. तिने तो लिहून घेतला आणि विचारलं, "किती तासांचे?" मला सांगता येईना. इन्कम टॅक्सवाल्यांनीही हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी खिशात छोटी वही ठेवली. सकाळी सात-दहाला घर सोडलं. एका ठिकाणी गर्भाशयाचं ऑपरेशन, दुसरीकडे हर्निया. तिसऱ्या ठिकाणी सर्जनची ओपीडी संपेना, म्हणून त्यांच्या रिसेप्शनमध्ये बसून मागच्या दिवाळीचा अंक वाचला, कोड्यासकट. मग एका लहान मुलाचं हाड. रात्री आठला घरी. एक-चाळीसला फोन: तालुक्याच्या गावाला सीझर, बाळाचे ठोके पडताहेत. चौतीस किलोमीटर. पोचलो तेव्हा ती मुलगी टेबलावर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन थरथरत होती. सिस्टरने तिचे खांदे धरले, मी पंचवीस नंबरची सुई घातली, पाणी आलं, औषध दिलं. चार मिनिटांनी प्रेशर घसरलं, ते वर आणलं. बाळ रडलं. बाहेर आलो तर सासरे विचारतात, "तुम्ही कोण?" म्हटलं, भुलीचा डॉक्टर. "मग मेन डॉक्टर कुठायत?" पावणेपाचला घरी परत.

हिशेब केला. घराबाहेर जवळपास सोळा तास. रुग्णाच्या उशाशी सहा तास वीस मिनिटं. गाडी चालवण्यात दोन तास पन्नास मिनिटं. उरलेले पावणेसात तास मी ताटकळत होतो. यातले पैसे मिळाले ते फक्त त्या सहा तास वीस मिनिटांचे. 'मिळाले' हेही घाईने म्हणतोय. त्या दिवसाच्या पाच केसेसपैकी दोन केसेसची फी मी हे भाषण लिहीपर्यंत यायची आहे. एका नर्सिंग होमने तर पूर्वी मला आठ महिने झुलवलं होतं. नाव घेत नाही, निम्म्या सभागृहाला ते ठाऊक आहे.

भाचीच्या वहीत मी माझा महिन्याचा आकडा तासांनी भागून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त आधीचा आकडा खोडला.

आता ज्येष्ठांसाठी दोन शब्द. आजची मुलं रेडिओलॉजी आणि त्वचारोगाच्या मागे धावतात, त्यांना सेवाभाव नाही, असं आपण म्हणतो. आपल्या वेळी मुलं मेडिसिन, सर्जरी, गायनॅकला धावत होती, तीही काही सेवेसाठी नव्हे. तेव्हा मोठ्या पाटीचं हॉस्पिटल त्या शाखांमधून उभं राहायचं, एवढंच. भूलशास्त्र उरलेल्यांसाठी होतं, मीही उरलेलाच होतो. आजच्या मुलांचं गणित बघा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेपाच वर्षं एमबीबीएस, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्राची सेवा, नाही केली तर दहा लाख भरा. मग पीजीच्या परीक्षेत एखादं वर्ष, आणि तीन वर्षं रेसिडेन्सी. तिथे १९९२ च्या केंद्रीय योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. ते वाचून हसू न आलेला रेसिडेंट मला अजून भेटायचा आहे. एकोणतिसाव्या वर्षी मुलगा कमवायला लागतो, तेव्हा त्याच्या शाळेतल्या मित्राचं घराचं कर्ज निम्मं फिटलेलं असतं. आणि पीजीच्याही बंधपत्राचे पन्नास लाख डोक्यावर असतातच.

'लाइफस्टाइल ब्रँच' नावाची जी वस्तू ही मुलं शोधताहेत, ती मात्र शाखेत असतेच असं नाही. शेजारच्या रेडिओलॉजिस्टला विचारा, गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमधली एक चौकट रिकामी राहिली तर मशीनला सील लागेल या धास्तीने तो कितीदा रात्री रजिस्टर उघडून बसतो.

सेवाभावाचा विषय निघाला की कुणीतरी उठून मेळघाटाचं उदाहरण देतं. बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, २०१९ चे पद्मश्री. माझ्या मनात त्यांच्याबद्दल निव्वळ आदर आहे. पण त्यांची गोष्ट सांगताना आपण नेमका मधला भाग गाळतो. महिन्याला चारशे रुपयांत संसार करायची तयारी आहे का, हे डॉ. रवींद्रनी लग्नाआधीच विचारलं होतं. म्हणजे हिशेब त्यांनीही केला, आणि ज्या माणसावर त्याचा भार पडणार तिच्यासमोर उघडपणे केला. तुमच्यातल्या किती जणांनी बायकोला किंवा नवऱ्याला आधी सांगितलं होतं की गणपतीच्या आरतीला मी असेनच असं नाही? मी नव्हतं सांगितलं. लग्नाकार्यात मी पंगतीच्या टोकाला बसतो, मधूनच उठलो तर कुणाचं ताट ओलांडावं लागू नये म्हणून. लेसचे बूट मी बावीस वर्षांत घेतलेले नाहीत. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीत ठेवतो. हे सगळं घरच्यांनी न विचारता सोसलं, आणि मी त्याला माझी निष्ठा समजत आलो.

खरं कारण निष्ठा नव्हतं. भीती होती. आपल्या धंद्यात (हो, मी धंदाच म्हणतोय) रुग्ण आपला नसतो, सर्जन आपला असतो. एकदा तापाने फणफणलो होतो, जाता आलं नाही. त्या सर्जनने दुसऱ्याला बोलावलं, आणि मला त्यांचा पुढचा फोन यायला दीड वर्ष लागलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची घडी दुसरीकडे बसली, इतकंच. पण त्यानंतर मी ताप आला तरी गेलो. तुम्हीही जाता. रात्री दोनला चाळीस किलोमीटर गाडी मारतो ती निम्मी त्या बाळासाठी, आणि निम्मी पलीकडच्या गल्लीतला आपलाच मित्र तिथे पोचू नये म्हणून.

मूल लहान असताना फक्त सकाळची लिस्ट घेणाऱ्या आपल्या बहिणींना आपण 'सिलेक्टिव्ह' म्हणत आलो. मी स्वतः म्हटलंय, इथेच बसलेल्या एकीला, दहा वर्षांपूर्वी. तिची माफी मागतो. आपल्या कामाची वेळ बांधून घेण्याची हिंमत आपल्यात सगळ्यात आधी त्यांनी केली. त्याची किंमतही त्यांनीच मोजली: रात्रीला येत नाहीत म्हणून दिवसाच्या केसेसही गेल्या.

जिल्ह्यात माणसं कमी आहेत हे खरंच. भूलतज्ज्ञ मिळेनात म्हणून सरकारला एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं शिक्षण देऊन सीझरपुरती भूल द्यायला उभं करावं लागलं. पण एका तालुक्यात आपण चार जण असताना चौघेही रोज रात्री अर्धवट जागे असतो, याला माणसांची कमतरता कशी म्हणायची?

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आणि बरीच खडाजंगी होऊन तो परवा मंजूर झाला. पहिल्यांदा तीन तालुक्यांत, सहा महिन्यांसाठी. रात्री दहा ते सकाळी सहा एकाची पाळी, बाकीच्यांचे फोन बंद. रात्री दुसऱ्याच्या सर्जनकडे गेलेला माणूस त्या सर्जनची दिवसाची लिस्ट घेणार नाही. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि भांडण त्यावरच झालं. रात्रीची फी एकच, सगळ्यांची सारखी. आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागलं तर थांबण्याचे वेगळे पैसे, बिलात वेगळ्या ओळीत. काही सर्जन मंडळी नाराज आहेत. त्यांतल्या दोघांशी मी बोललो. एकजण म्हणाले, "माझ्या रात्रीच्या केसला कोण येणार ते आधी कळेल, हे बरंच आहे की!" दुसरे अजून बोलत नाहीत माझ्याशी.

यात मिळकत थोडी घटेल. माझी तर घटेलच, माझ्या रात्री जास्त होत्या. भाचीने तेही लिहून घेतलंय. तिने अखेर भूलशास्त्र भरलं की नाही, ते प्रवेशाची यादी लागल्यावर कळेल. मी आग्रह केला नाही.

जेवणाच्या हॉलच्या दारात टेबलावर पाळीची वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिल्या आठवड्याच्या सात रात्री आहेत. रविवारच्या रात्रीपुढे मी माझं नाव लिहिलंय, बाकी सहा ओळी रिकाम्या आहेत. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलंय, कारण डॉक्टरांच्या संमेलनात पेन टिकत नाही हा माझा जुना अनुभव आहे.