ओळखीची पेठ



कोकणातल्या आंब्याच्या व्यवहारात ज्या कागदाला ‘पट्टी’ म्हणतात, तो कागद माझ्या लहानपणी देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी मे महिन्यात टपालाने येत असे, आणि तो आला म्हणजे वडील ओटीवर बसून, चष्मा नीट करून, तो दोन वेळा वाचीत. किती पेट्या पोचल्या, त्या कोणत्या दराने गेल्या, आडत किती, हमाली किती, भाडे किती वजा झाले आणि अखेर हाती काय उरले, याचा सगळा जमाखर्च त्या एका चिठोऱ्यात असे. परंतु तो आंबा कोणाच्या घरी गेला, कोणत्या मुलाने तो चोखला, तो गोड निघाला की आंबट, याविषयी त्यात एक अक्षरही नसे. वर्षभर झाडाची सेवा करणारा माणूस आणि त्या झाडाचे फळ खाणारा माणूस यांची आयुष्यात एकदाही गाठ पडू नये, ही गोष्ट त्या काळी इतकी स्वाभाविक वाटे की तिची खंत करावी असेही कोणाच्या मनात येत नसे. मला ती खंत फार पुढे वाटू लागली; आणि लहान धंद्याने समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा, या विषयावर आज बोलावयाचे ठरले तेव्हा मला प्रथम आठवली ती वडिलांच्या हातातली पट्टी.

आज ती बाग माझी पुतणी पाहते. सव्वाशेच्या आसपास कलमे, दोन कायमचे गडी आणि हंगामापुरती येणारी पाच-सात माणसे, एवढाच तिचा पसारा आहे. 2020 साली मार्चच्या 24 तारखेला मध्यरात्री देश बंद झाला, तेव्हा पहिली तोड नुकती सुरू झाली होती. वाशीला माल धाडावा तर गाडी मिळेना, गाडी मिळाली तर बाजार उद्या चालू राहील याची शाश्वती नाही, आणि झाडावरचा आंबा तर कोणाच्याही फर्मानाने थांबत नाही. त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांच्या फाटकापर्यंत आपला आंबा थेट नेला. माझ्या पुतणीने एक रात्र बसून आपल्या फोनमधली नावे चाळली. शाळासोबती, कॉलेजातल्या मैत्रिणी, त्यांच्या सासरची माणसे, वडिलांचे जुने स्नेही अशी बासष्ट नावे वहीत उतरवली, आणि त्या बासष्ट जणांना बासष्ट निरनिराळे निरोप लिहिले. एकच मजकूर सर्वांना धाडणे तिला अवघड नव्हते, परंतु ज्या बाईंनी आपल्याला सातवीत गणित शिकवले त्यांना आणि ज्या मैत्रिणीबरोबर आपण एका खोलीत राहिलो तिला एकाच शब्दांत हाक मारणे तिच्या जिवावर आले. त्या हंगामात तिचा बहुतेक आंबा याच वाटेने गेला.

या नव्या पेठेत पहिले गिऱ्हाईक जुन्याच वाटेने, म्हणजे ओळखीने येते, असा माझा तेव्हापासूनचा ग्रह आहे, आणि त्यानंतर जे पाहिले त्याने तो दृढच झाला. लोणची-मसाले करणाऱ्या गृहिणी, येवल्याला मागावर पैठणी विणणारी कुटुंबे, सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणारे कारागीर, या सर्वांना हल्ली कोणी ना कोणी सांगत असतो की दुकान ऑनलाइन करा आणि जाहिरात करा. जाहिरात हा शब्द मला येथे फारसा उपयोगी वाटत नाही. जाहिरात अनोळखी माणसाला उद्देशून असते. समाजमाध्यमाची सारी रचना मात्र माणसे एकमेकांना ओळखतात या गृहीतावर उभी आहे. व्हॉट्सॲपने 2018 च्या जानेवारीत लहान धंद्यांसाठी निराळे ॲप काढले. त्यात मालाची सूची लावता येते, पत्ता आणि कामाच्या वेळा देता येतात, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात, कोणाचे पैसे आले आणि कोणाची पेटी जायची आहे याच्या खुणा करता येतात. हे सर्व सोयीचे आहेच. परंतु त्यातली मला सर्वांत बोधप्रद वाटलेली गोष्ट निराळीच आहे. तुम्ही एक यादी करून तिच्यातल्या सर्वांना एकदम निरोप धाडलात, तर तो ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणजे तुम्ही त्यांना ओळखता एवढे पुरत नाही. त्यांनीही तुम्हाला ओळखले पाहिजे. माझी पुतणी प्रत्येक पेटीत, गवताच्या वर, हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवते: आंबा कोणत्या दिवशी उतरवला, साधारण कधी पिकेल, आढीत कसा ठेवावा, आणि शेवटी, हा क्रमांक कृपया नोंदवून ठेवावा. त्या शेवटच्या ओळीवर तिचा पुढचा हंगाम उभा राहतो.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गिऱ्हाइकांना न विचारता त्यांचा एक ग्रुप करून टाकण्याची जी रीत पडली आहे ती मला सर्वथा अनुचित वाटते. त्यामुळे एका घरातल्या बाईंचा क्रमांक शंभर परक्या माणसांच्या हाती जातो, आणि तो तुमच्यावर विश्वास टाकल्यामुळे जातो.

आता मागच्या एप्रिलात मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. दुपारची वेळ होती. पडवीत गवत पसरले होते, सकाळी झेल्याने उतरवलेला आंबा देठासकट ओळीने मांडला होता, आणि गडी वजनाप्रमाणे निवड करीत होते. पुतणीने आधल्या आठवड्यातल्या आढीतला एक पिकलेला आंबा कापला. वरून तो निर्दोष होता. सालीवर डाग नाही, रंग उत्तम, वास तर पडवीभर पसरला. परंतु सुरी कोयीपाशी गेली तेव्हा आत पांढरट, भुसभुशीत असा साका निघाला. हापूसचा हा दोष बाहेरून मुळीच दिसत नाही, आणि फळ झाडावर फार पक्व होऊ दिले किंवा उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर पडू दिले तर तो वाढतो. म्हणून आमच्याकडे आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात. पुतणीने फोन एका रिकाम्या पेटीला टेकवून उभा केला आणि तो कापलेला आंबा उजेडात धरला. आमचा जुना गडी हे पाहून अगदी कासावीस झाला. “बाय, ह्यो टाकून दी, लोकांक कशाक दाखवतंस?” असे तो म्हणाला. तिने तो दाखवला. साका म्हणजे काय, तो कशाने होतो, आणि आपल्या पेटीत असे फळ निघाले तर कापलेल्या फळाचे छायाचित्र धाडावे, त्याच्या बदली पुढच्या पेटीत फळ मिळेल, हे तिने दीड मिनिटात, साध्या शब्दांत सांगितले.

मी स्वतः त्या दिवशी गड्याच्या बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे. व्यापाऱ्याने आपल्या मालातली खोट चव्हाट्यावर मांडावी, हे माझ्या पिढीच्या कल्पनेत बसत नाही. परंतु संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर जे निरोप आले ते मी वाचले, आणि माझे मत बदलले. कोणा एका बाईंनी लिहिले होते की इतकी वर्षे आंबा आणतो, आतून असा निघाला की दुकानदाराने फसवले म्हणून चडफडतो, हे काय असते ते आज कळले. दुसऱ्या एका गृहस्थांनी तिचे ते चित्रण आपल्या साऱ्या भावंडांना पुढे धाडले होते. त्या हंगामात तिने काढलेल्या सुंदर छायाचित्रांपैकी, मोहोराच्या, सूर्यास्ताच्या, पिवळ्याधमक फळांच्या राशीच्या छायाचित्रांपैकी, एकही इतके दूर गेले नाही. मोठ्या कंपनीला आपल्या मालातला दोष असा हातात धरून दाखवता येत नाही. तिच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये दहा खाती, वकील आणि जाहिरातीचे कंत्राटदार उभे असतात. लहान माणसाला ते करता येते. हे त्याचे खरे भांडवल आहे, आणि ते तो बहुधा वापरीत नाही, म्हणून मी इतक्या आग्रहाने बोलत आहे.

उलट, भांडवल भलतीकडे कसे जाते तेही आमच्या घरात घडले. एका ओळखीच्या माणसाने पुतणीला सांगितले की तिच्या इन्स्टाग्रामच्या पानाला अनुयायी फार थोडे आहेत, काही हजार रुपये दिलेत तर पंधरवड्यात दहा हजार आणून देतो. तिने पैसे दिले, आकडाही खरोखर वाढला. परंतु त्या दहा हजारांत आंबा मागणारा एकही निघाला नाही, कारण त्यांत माणूसच बहुधा नव्हता. वाईट याहून पुढे झाले. तिचा नवा मजकूर त्या निर्जीव खात्यांपुढे मांडला जाऊ लागला, तेथे त्याला कोणी प्रतिसाद देईना, आणि प्रतिसाद नाही म्हणून तो खऱ्या माणसांपुढेही कमी येऊ लागला. ती सर्व खाती एकेक करून काढून टाकण्यात तिचा पावसाळा गेला.

ही माध्यमे आपल्या मालकीची नाहीत, याचे विस्मरण होणे हा दुसरा मोठा धोका. 2018 च्याच जानेवारीत फेसबुकने जाहीर केले की यापुढे लोकांना त्यांच्या आप्तेष्टांचा मजकूर अधिक आणि धंद्यांच्या पानांवरचा कमी दाखवला जाईल. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून तेथे पान उभे केले होते, त्यांचा आवाज एका निर्णयाने खाली आला. 2020 च्या जून महिन्याच्या 29 तारखेला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी मला येथे बोलावयाचे नाही. परंतु ज्यांचे सारे गिऱ्हाईक त्या एकाच ठिकाणी जमलेले होते, त्यांची पेठ एका रात्रीत उठली. आणि 2021 च्या ऑक्टोबरात 4 तारखेला, आपल्याकडे रात्र पडल्यावर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. नवरात्र तीन दिवसांवर होते. उपासाच्या पिठांच्या, दिवाळीच्या फराळाच्या मागण्या ज्यांनी केवळ व्हॉट्सॲपच्या संभाषणांत ठेवल्या होत्या, त्यांना त्या रात्री कोणाला काय द्यायचे आहे हे पाहण्याचीही सोय उरली नाही.

म्हणून माझे सांगणे असे की वही ठेवा. कागदाची ठेवा, नाहीतर संगणकातली ठेवा, परंतु ती आपल्या ताब्यात असू द्या. माझ्या पुतणीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि किती डझन एवढेच नसते. ‘आजोबांना मधुमेह, लहान फळ हवे’, ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचलीच पाहिजे’, ‘मुलगी पुण्याहून नाशिकला गेली, पत्ता बदलला’ असे शेरे तिने स्वतःच्या अक्षरात केलेले असतात. पुढच्या वर्षी मोहोर धरला की ती हे दप्तर उघडते, आणि मग जे लिहिते ते कोणत्याही यंत्राला लिहिता येणार नाही असे असते.

पैशांच्या देवघेवीविषयी आणि कागदपत्रांविषयी दोन शब्द सांगून हा भाग पुरा करतो, कारण त्यात फसवणूक होते आणि ती बहुधा साध्या माणसाचीच होते. पैसे भरल्याचे छायाचित्र कोणी धाडले म्हणून पेटी गाडीवर चढवू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली डोळ्यांनी पाहावी. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही; तो मागणारा माणूस पैसे देणारा नसून नेणारा असतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून तिचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. देवगड आणि रत्नागिरीच्या नावाखाली परप्रांतातला आंबा सर्रास विकला जातो, हे आपण सर्व जाणतो. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा दस्तऐवज ज्या बागायतदाराजवळ आहे त्याने तो आपल्या पानावर अवश्य मांडावा. परंतु त्याच्या शेजारी आपली बाग, आपली विहीर, आपली पडवी आणि पेटी भरणारे हातही दिसू द्यावेत. कागदाची नक्कल करता येते. बारा महिने रोज दिसणाऱ्या बागेची नक्कल करणे फार कठीण आहे.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गावी होतो. शेवटची पेटी जाऊन चार दिवस झाले होते, आणि दुपारी अंधारून येऊन पहिला मोठा पाऊस कोसळला. पुतणीने पडवीतूनच भिजणाऱ्या बागेचे एक छायाचित्र घेतले आणि यादीतल्या सर्वांना कळवले की हंगाम संपला, झाडे आता विश्रांती घेतील, आपणा सर्वांचे आभार. विकायला त्या दिवशी तिच्याजवळ काहीही नव्हते. तरीही रात्रीपर्यंत निरोप येत राहिले. कोणी आपल्याकडचा पाऊस कळवला, कोणी शेवटच्या आंब्याची कोय कुंडीत रुजत घातल्याचे छायाचित्र धाडले. एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेले नाही, विचारले होते की विहिरीजवळचे ते जुने कलम, ज्याची फांदी गेल्या वादळात मोडली होती, त्याला पालवी आली का. पुतणीने छत्री घेतली आणि ती पाहायला गेली.